चावी तुमची, पण ती आहे हे कुणाकुणाला माहीत आहे?

या आठवड्याचं पत्र नागपूरच्याच एका वाचकाचं आहे. थोडं कमी करून देते.

"ताई, माझा छोटा व्यवसाय आहे. २०२० पासून दर महिन्याला थोडे थोडे बिटकॉइन घेत आलो. सगळे एका एक्सचेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ॲपवर होते. वझीरएक्स या दुसऱ्या एक्सचेंजवर चोरी झाली तेव्हा घाबरलो आणि निम्मे काढून फोनमधल्या वॉलेटमध्ये घेतले. त्यानं बारा शब्द दिले. हरवायला नको म्हणून फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप केला. आता ऑनलाइन एक हार्डवेअर वॉलेट मागवलंय. डब्यात एक कार्ड निघालं, नाण्यानं खरवडलं की २४ शब्द दिसतात. 'हे शब्द यंत्रात भरा आणि वापरायला लागा' अशी चिठ्ठीही आहे. भरू का? दुसरं म्हणजे, कसं चालतं ते दाखवायला मी साडूंना थोडं बिटकॉइन पाठवलं होतं. त्यांनी एका लग्नात चारचौघांत सांगून टाकलं. तेव्हापासून अनोळखी फोन येतात. परवा एका गिऱ्हाइकाच्या फोनवर माझं नाव 'बिटकॉइनवाले भाऊ' असं आलं. साडू म्हणतात, शब्दांची एक प्रत माझ्याकडे ठेवा, वेळप्रसंगी कामी येईल. बायकोला यातलं काही माहीत नाही. उगाच तिच्या डोक्याला ताप नको म्हणून सांगितलं नाही."

भाऊ, आधी त्या कार्डाचं. हे बारा किंवा चोवीस शब्द म्हणजेच वॉलेटची चावी: ज्याच्याकडे शब्द, त्याच्या हातात बिटकॉइन. ते शब्द यंत्रात भरू नका. भरले असतील, तर त्या वॉलेटवर एक पैसाही पाठवू नका.

हार्डवेअर वॉलेट म्हणजे ही चावी फोन-कॉम्प्युटरपासून वेगळी ठेवणारं छोटं यंत्र. पहिल्यांदा सुरू केलं की ते शब्द स्वतःच्या आत तयार करतं आणि स्वतःच्याच छोट्या पडद्यावर एकेक करून दाखवतं. ते आपण हातानं उतरवून घ्यायचे असतात. कुठलीही खरी कंपनी शब्द छापून पाठवत नाही. तुमच्या कार्डावरचे शब्द ज्यानं छापले, त्याच्याकडेही तेच शब्द आहेत. असा माणूस घाई करत नाही. तुम्ही सगळी पुंजी आत आणेपर्यंत वाट बघतो आणि मग एकदम उचलतो. ही फसवणूक जुनी आहे. २०१८ मध्येही तिऱ्हाईत विक्रेत्याकडून घेतलेल्या लेजर कंपनीच्या यंत्राच्या डब्यात असंच खरवडायचं कार्ड निघालं होतं आणि घेणाऱ्याची जमापुंजी गेली होती. ते यंत्र परत करा. परत घेत नसतील तर पैसे गेले असं समजा, पण ते पुसून, नवीन करून वापरायच्या फंदात पडू नका. नवं यंत्र लेजर, ट्रेझर, बिटबॉक्स, कोल्डकार्ड असं कुठलंही घ्या, पण कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा त्या वेबसाइटवर ज्याचं नाव आहे अशाच विक्रेत्याकडून.

आता तो फोटो. तुम्ही तो खोडला असेल, तरी ते बारा शब्द आता तुमचे एकट्याचे राहिले नाहीत असंच धरून चालायचं. बॅकअप चालू असेल तर फोनमधला फोटो आपोआप गूगल फोटोजमध्ये चढतो. तिथून खोडला तरी ६० दिवस कचरापेटीत राहतो. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडं असेल तर तिथेही तो आलेला असणार. आणि हा नुसता मनाचा खेळ नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की कंपनीच्या तज्ज्ञांनी स्पार्ककॅट नावाचा एक चोरटा प्रोग्रॅम उघडकीला आणला. तो प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरवरच्या साध्या दिसणाऱ्या ॲपांत लपून बसला होता आणि फोनमधल्या फोटोंवरची अक्षरं वाचून वॉलेटचे शब्द शोधत होता. म्हणजे तुम्ही जे केलं, नेमकं त्याच्याच मागावर तो होता.

म्हणून फोनमधले बिटकॉइन आजच हलवा, नव्या यंत्राची वाट बघू नका. त्याच फोनवर दुसरं वॉलेट उघडून काही साधणार नाही, कारण फोनमध्येच असा चोरटा प्रोग्रॅम शिरलेला असेल तर नवे शब्दही जातील. आठ-पंधरा दिवसांसाठी ते सरळ एक्सचेंजवर परत ठेवा. आपल्या हातात ठेवायचं असं ठरवलेल्या माणसाला हे उलटं वाटेल, पण फुटलेल्या शब्दांपेक्षा आज तीच जागा बरी. पाठवण्याआधी तिथे बिटकॉइन जमा करणं चालू आहे ना ते बघा, आणि आधी अगदी थोडी रक्कम पाठवून ती पोचली की मग बाकीची.

पण कायमची ती जागा नाही, हे तुमचं मूळ म्हणणं मला पटतं. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्समधून साधारण २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि ज्यांचं तिथे काही होतं त्यांचं क्रिप्टो वर्षभराहून जास्त काळ अडकून पडलं. खात्यावर आकडा दिसत होता, पण हात लावता येत नव्हता. २०१४ मध्ये जपानमधलं माउंट गॉक्स हे एक्सचेंज बुडालं, २०२२ मध्ये एफटीएक्स. एक्सचेंजवरचं बिटकॉइन म्हणजे त्या कंपनीकडे असलेली आपली उधारी. जी रक्कम गेल्यावर घराला धक्का बसेल ती आपल्या हातात असावी, या मताची मीही आहे. फक्त हातात घेतल्यावर सांभाळायचं कामही आपलंच होतं, आणि तिथे बँकेचा मॅनेजर नसतो.

नवं यंत्र आलं की एका निवांत दिवशी, दुकान बंद असताना, घरी दार लावून बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. कॅमेरा असलेली कुठलीही वस्तू समोर नको, दुकानातल्यासारखा सीसीटीव्ही घरात असेल तर तोही बंद. यंत्राच्या पडद्यावर येणारे शब्द बॉलपेननं, सुटसुटीत इंग्रजी अक्षरांत, क्रमांक घालून कागदावर लिहा. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात आणि यादी अशी केलेली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो. तेव्हा एखादं शेवटचं अक्षर पुसट झालं तरी घाबरायचं कारण नाही, पण क्रम मात्र चुकता कामा नये. लिहून झाल्यावर यंत्र देतं तो बिटकॉइन जमा करून घ्यायचा पहिला पत्ता, म्हणजे बीसी१ (bc1) पासून सुरू होणारी ती लांबलचक ओळ, तीही एका वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा.

आणि मग बहुतेक लोक जे करत नाहीत ते करा. वॉलेटमध्ये काही नसतानाच यंत्र पूर्ण पुसून टाका. कागद समोर ठेवून तेच शब्द परत भरा. पहिला पत्ता तोच, अगदी अक्षर न् अक्षर तोच आला, तर तुमचा कागद खरा. नाही आला, तर कुठेतरी चूक आहे आणि ती आज, रिकाम्या वॉलेटवर कळली. त्यानंतर थोडं बिटकॉइन पाठवा, ते पोचल्याचं बघा, त्यातलं थोडं परत बाहेर पाठवून बघा. सगळं जमलं की उरलेलं हलवा. दर वेळी पत्ता कॉम्प्युटरवर नाही, यंत्राच्या पडद्यावर ताडून बघायचा, कारण कॉपी केलेला पत्ता चिकटवताना गुपचूप बदलून टाकणारे प्रोग्रॅम असतात. सुरुवातीची चार अक्षरं जुळली म्हणून पुढे जाऊ नका, मधलीही वाचा.

कागद ठेवायचा कुठे? आपल्या गावाचं हवामान लक्षात घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या घरांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. नंतर कित्येक दिवस गच्च्यांवर भिजलेली सातबाऱ्यापासून मार्कशीटपर्यंतची कागदं वाळत होती. शिवाय वाळवी आहेच. म्हणून शब्द स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर उतरवा. अक्षरांचे पंच आणि पट्टी दोन्ही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं हातोडीनं ठोकली की काम झालं. हे काम स्वतः करा. इतवारीत भांड्यांवर नाव टाकून देणाऱ्याकडे ती पट्टी नेऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

अशा दोन पट्ट्या करा, दोन्हींवर सगळेच्या सगळे शब्द. एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये पाकीट चिकटवून. निम्मे शब्द इथे आणि निम्मे तिथे असं बरेच जण करतात, ते मला मुळीच पसंत नाही: दोन्हींपैकी एक जागा गेली की सगळं गेलं. रक्कम फार मोठी असेल तर तीन चाव्यांपैकी कुठल्याही दोन लागतील अशी मल्टिसिगची सोय असते, पण ती वर्षभर एका चावीचा हात बसल्यावर. आधीच गुंतागुंत केली तर चोरानं नेण्याआधी आपणच कुलूपबंद होतो.

आता साडूंचं, आणि खरं तर तुमच्या पत्रातला मला सर्वांत जास्त खटकलेला भाग. बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची वही सगळ्या जगाला उघडी असते. त्यात नाव नसतं, पण एकदा एका पत्त्यामागे तुम्ही आहात हे कुणाला कळलं की बाकीचं वाचता येतं. तुम्ही साडूंना थोडं पाठवलं तेव्हा वॉलेटनं तुमच्याकडचा एक मोठा तुकडा मोडला, जशी आपण पाचशेची नोट मोडतो, आणि उरलेली सुटी रक्कम तुमच्याच दुसऱ्या पत्त्यावर परत टाकली. तो मूळ तुकडा केवढा होता आणि सुटी किती परत गेली, दोन्ही त्या वहीत दिसतं. साडूंच्या फोनमध्ये तो व्यवहार आहे. त्यांनी हौसेनं कुणाला स्क्रीनशॉट पाठवला असेल तर त्यालाही ते दिसेल. म्हणून नव्या यंत्रावर आणताना दर वेळी नवा पत्ता वापरा. वॉलेट तो आपणहून देतं, जुनाच कॉपी करत बसू नका. फोनमधलं बिटकॉइन एक्सचेंजमार्गे आलं की तुकडे बदललेले असतात, तो एक फायदा आपसूक मिळेल. आणि सगळ्या पत्त्यांची जी एक लांब किल्ली असते, एक्सपब म्हणतात ती, कुठल्याही 'पोर्टफोलिओ बघा' छाप ॲपला देऊ नका. तिच्यावरून पैसे काढता येत नाहीत, पण आजवरचं आणि इथून पुढचं सगळं दिसतं.

याची भीती का बाळगायची? २०१८ मध्ये सुरतच्या एका बिल्डरला बिटकॉइनसाठी पळवून नेलं होतं. त्या प्रकरणात २०२५ मध्ये जन्मठेप झालेल्यांत पोलीस अधिकारी आणि एक माजी आमदारही होते. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये लेजरच्या एका सहसंस्थापकाला पत्नीसह घरातून उचललं आणि खंडणीसाठी त्यांचं बोट कापलं. यात कुठलंही कुलूप कुणी फोडलेलं नाही, कुणाकडे आहे एवढंच कळलं होतं. २०२० मध्ये लेजरच्या ऑनलाइन दुकानातून ग्राहकांची यादी फुटली तेव्हाही एकाही यंत्रातून चोरी झाली नव्हती, पण सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर बाहेर आले. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींना टपालानं बनावट यंत्रं आली. नवं यंत्र मागवताना घरचा पत्ता आणि नेहमीचा ईमेल देऊ नका. डब्यावरचं लेबल फाडूनच डबा टाका.

तुम्ही मला पत्रात पूर्ण नाव, भाग, व्यवसाय आणि किती बिटकॉइन आहेत तो आकडासुद्धा लिहिलात. मी तो भाग काढलाय आणि मूळ पत्रही खोडलंय. विश्वास टाकलात त्याचं मोल मला आहे, पण सल्ला द्यायला मला त्यातलं काहीच लागत नव्हतं. सीए सोडला तर सल्ला देणाऱ्या कुणालाही आकडा लागत नाही, आणि जो आधी आकडा विचारतो त्याच्याकडे जायचं नाही.

फोनवर तुमचं नाव 'बिटकॉइनवाले भाऊ' दिसतं, कारण कुणीतरी ते तसं सेव्ह केलंय किंवा सुचवलंय. फोन करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या अशा ॲपच्या वेबसाइटवर आपला नंबर यादीतून काढून टाकायची सोय असते, ती वापरा. एक्सचेंजला जो नंबर दिलाय तो गिऱ्हाइकांना दिलेला नंबर असू नये. एक्सचेंजच्या खात्यासाठी कुठेही न वापरलेला वेगळा ईमेल, आणि ओटीपी एसएमएसवर न घेता ऑथेंटिकेटर ॲपवर, म्हणजे फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ॲपवर. तुमच्या आधारच्या झेरॉक्सवर दुसरं सिम काढून ओटीपी पळवणारे असतात. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, आज रात्रीच बघा. जिथे चालत असेल तिथे मास्क केलेलं, म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार द्या. व्हॉट्सॲपची टू-स्टेप पिन चालू करा.

फोन करणारे 'वॉलेटची केवायसी बाकी आहे' म्हणतील, 'ईडीतून बोलतोय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' असंही म्हणतील. असली अटक कायद्यात नाही. वॉलेटला केवायसी नसते. आणि शब्द विचारणारा माणूस, मग तो कंपनीचा असो, पोलिसांचा असो की नात्यातला, चोरच समजायचा. काही गेलंच तर पहिल्या तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

आता वहिनींचं. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. जगापासून लपवणं आणि घरापासून लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही उलटं केलंत: साडूंना माहीत, लग्नातल्या पंगतीला माहीत, वहिनींना नाही. बँकेत वारसाला अर्ज करता येतो, कोर्टाकडून वारसाहक्काचा दाखला आणता येतो. बिटकॉइनचं वॉलेट कुठल्याही कोर्टाच्या हुकमानं उघडत नाही. उद्या तुम्हाला काही झालं, तर लॉकरमधली ती पट्टी त्यांना भंगार वाटेल. त्या वेळी घरात शिरून 'मी बघतो वहिनी, द्या इकडे' म्हणणारा कोण असेल, याचा विचार करा.

त्यांना शेजारी बसवा. यंत्र काय आहे, पट्ट्या कुठे आहेत, हे दाखवा. मग तुम्ही गप्प बसा आणि त्यांना शब्दांवरून वॉलेट परत उभं करू द्या. एकदा अडतील, दुसऱ्यांदा जमेल. एक पानभर चिठ्ठी मराठीत लिहा: काय आहे, कुठे आहे, कुणाला विचारायचं, कुणाला कधीही दाखवायचं नाही. त्या चिठ्ठीवर शब्द नसावेत. मृत्युपत्रातही शब्द लिहू नका, ते पुढे कितीतरी हातांतून जातं. त्या रागावतील, इतकी वर्षं का सांगितलं नाही म्हणून. तो राग ऐकून घ्या, तो त्यांचा हक्काचा आहे.

सरकारपासून मात्र काही लपवायचं नाही. एक्सचेंजकडे तुमचं पॅन आहे, आणि तुम्ही कुठल्या पत्त्यावर काढलं त्याची नोंदही. स्वतःच्या एका वॉलेटमधून दुसऱ्यात नेणं म्हणजे विक्री नाही, पण विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस लागतो, विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो, आणि एका क्रिप्टोतला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणून बिटकॉइन बाहेर काढण्याआधी २०२० पासूनच्या खरेदीचा सगळा तपशील एक्सचेंजवरून उतरवून घ्या. उद्या ते बंद पडलं तर कितीला घेतलं होतं हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरणार नाही. रिटर्नमध्ये या मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो, तो सीएकडून नीट भरून घ्या.

साडूंना प्रत द्यायची नाही. त्यांची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण ज्यांच्या पोटात ही गोष्ट एका लग्नापुरतीही राहिली नाही त्यांच्याकडे चावी ठेवता येत नाही. 'सगळे विकून टाकले' असं खोटं सांगू नका, नात्यात ते कधी ना कधी उघडं पडतं. 'त्याची व्यवस्था घरात लावली आहे, बायकोला सगळं माहीत आहे, आणि यापुढे हा विषय मी कुणाशीच बोलत नाही' एवढं म्हणा. मात्र हे सांगायच्या आधी वहिनींना खरंच सगळं सांगून झालेलं असलं पाहिजे.